वर्ध्याचा पांडुरंग आणि मेक्सिकोचा मका

सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिको दौऱ्यावर होते. तिथल्या चापिंगो कृषी विद्यापीठात त्यांनी एका भारतीयाच्या पुतळ्याचं अनावरण केलं. बातमी दिल्लीहून आली, आम्ही ती आतल्या पानावर चार ओळीत लावून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी एका जुन्या वाचकाचा फोन. "अहो, हे पांडुरंग खानखोजे म्हणजे आपल्या वर्ध्याचेच ना?"

आपलेच. आणि वीस वर्षं इथे पत्रकारिता करून मला ते फोनवर कळावं, ही लाज सांगून टाकतो.

वर्धा म्हणजे तेव्हा काय होतं? पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी इंग्रजांनी १८६६ मध्ये आखलेलं नवं गाव. कापूस, रेल्वे, कचेरी आणि चहूकडे शेतं. १८८४ मध्ये पांडुरंगाचा जन्म झाला तेव्हा गावाचं वय जेमतेम अठरा. वडील लोकांचे अर्ज लिहून देणारे. पोरगा बारा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावरून गेले. पुढे हा माणूस क्रांतिकारकही झाला आणि पिकांचा शास्त्रज्ञही, ही जोडी अनेकांना विचित्र वाटते. मला वाटत नाही. ज्यानं त्या वयात उपाशी गावं पाहिली, त्याला इंग्रज आणि उपासमार हे दोन वेगळे विषय वाटलेच नसणार.

शाळा नागपूरला. मग टिळकांचा सल्ला घेऊन विशीतच देश सोडला. आधी जपान, तिथून अमेरिका. मिळेल ती मजुरी करत शिकले. कॅलिफोर्नियात सैनिकी शिक्षण, ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शेतीचं शिक्षण, आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात पुढची पदवी. एका हातात बंदूक, दुसऱ्यात बियाणं. त्याच भागातल्या लाकडाच्या गिरण्यांमध्ये राबणाऱ्या पंजाबी कामगारांत मिसळून त्यांनी संघटना बांधली आणि १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते आघाडीवर होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले, पकडले गेले, निसटले. मग बर्लिन, मॉस्को. यावर एक सिनेमा होईल, पण आपल्याकडे त्यांचं नाव निघालं तर एवढ्याच भागासाठी निघतं आणि खरं काम राहून जातं.

ते काम १९२४ नंतरचं. भारताचा दरवाजा बंद, वय चाळीस, खिशात दमडी नाही. मेक्सिकोत तेव्हा नुकती क्रांती होऊन गेलेली. जमीनदारांच्या वाड्यांचं काय करायचं, हा तिथला प्रश्न. चापिंगोची अशीच एक मोठी हवेली राष्ट्रीय कृषी शाळेला दिली होती, तिथे खानखोजे प्राध्यापक झाले. संशोधनाचा विषय मका. मका म्हणजे तिथली ज्वारीच समजा, भाकरी त्याचीच. मक्याचा एक रानटी नातलग आहे, तेओसिंते. गवतासारखा दिसतो, पण चिवट, आणि एका झाडाला बरीच लहान कणसं धरतो. खानखोजेंनी या दोघांचा संकर करून नव्या जाती तयार करण्याचे प्रयोग केले. प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कणसांचे फोटो काढले.

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. शेतकरी विद्यापीठात येणार नाही, हे ओळखून त्यांनी गावांमध्ये 'मुक्त कृषी शाळा' सुरू केल्या. शेतकऱ्याच्या भाषेत, शेतकऱ्याच्या जमिनीवर शिकवायचं. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा या कामात त्यांचे साथीदार. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराचं 'आमची भाकर' हे भित्तिचित्र आहे. टेबलाच्या मधोमध बसून भाकर मोडून वाटणारा जो माणूस आहे, तो खानखोजे म्हणून ओळखला जातो. आपल्या वर्ध्याचा माणूस, भाऊ, मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर भाकर वाटतोय! आणि आपल्याकडे शेतकऱ्यासाठी कृषी सहायकाचा फोन लागला तरी दिवस चांगला म्हणायचा.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली, एकीचं नाव सावित्री, दुसरीचं माया. वडिलांचं इंग्रजी चरित्र पुढे सावित्री साहनी यांनीच लिहिलं.

देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारनं शेतीच्या सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. चार दशकांनी माणूस मायदेशी उतरला आणि विमानतळावरच अडवला गेला. कारण? इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि ती यादी कुणी बदललीच नव्हती. सरकार गेलं, फाइल राहिली. सुटका झाली, पुढे ते कायमचे नागपूरला येऊन राहिले, पण चापिंगोसारखं काम इथे त्यांच्या हातून उभं राहिलं नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि आपली कार्यालयं.

१९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं जहाजांनी आणलं. ते नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेलं, आणि मेक्सिकोतले त्यांचे काही प्रयोग चापिंगोच्याच शेतांवर झाले होते. त्या हिवाळ्यात पंजाबात मेक्सिकन गहू उभा होता. जानेवारी १९६७ मध्ये, गहू अजून कापणीला यायचा होता, नागपुरात खानखोजे गेले.