साशा गित्री

साशा गित्री (१८८५–१९५७) : फ्रेंच नट, नाटककार व चित्रपट-दिग्दर्शक. जन्म सेंट पीटर्सबर्गचा. वडील ल्युसियाँ तेव्हा तिथल्या फ्रेंच रंगभूमीवर काम करत होते. १९०५ मध्ये त्याचे ‘नोनो’ हे नाटक गाजले आणि विशीतच त्याचे नाव पॅरिसभर झाले. पुढे त्याने शंभरावर नाटके लिहिली. अनेकांत प्रमुख भूमिका त्याचीच.

शास्त्रज्ञ पास्तरवरचे ‘पास्तर’ (१९१९) हे नाटक मात्र त्याने वडिलांसाठी लिहिले. त्यात एकही स्त्रीपात्र नाही! त्यावरच्या १९३५ च्या चित्रपटात पास्तर झाला तो साशा स्वतः. पुढच्याच वर्षीच्या ‘एका ठकाची कहाणी’ या चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. सारी गोष्ट त्याच्याच निवेदनातून उलगडते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स व्यापणाऱ्या जर्मनांशी संगनमताच्या आरोपावरून १९४४ मध्ये त्याला अटक झाली. साठ दिवसांनी सुटका झाली, १९४७ मध्ये प्रकरण निकालात निघाले.