घरात छोटी मॉडेल रेल्वे उभी करायची आहे? मग इंजिनाच्या आधी मोजपट्टी घ्या

रील्स बघता बघता तो व्हिडिओ कधीतरी समोर येतोच. छोटंसं स्टेशन, फलाटावर दोन सेंटिमीटरची माणसं आणि बोगद्यातून दिवे लावून बाहेर येणारी गाडी. बऱ्याचदा तो जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या मिनिएचर वुंडरलँडचा असतो. ते २००१ मध्ये सुरू झालं. आपल्या पुण्यात, कोथरूडला, जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय तर त्याच्याही आधीपासून, १९९८ पासून आहे.

व्हिडिओ बघून डोक्यात किडा शिरतो आणि माणूस सगळ्यात आधी काय करतो? इंजिन शोधतो. मीही तेच केलं होतं. सेट आणला, हॉलच्या फरशीवर रुळांचा गोल मांडला. पहिल्या दिवशी अख्खं घर बघायला जमलं. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "केर काढायचाय, उचल ते." इंजिनाच्या चाकांत तोवर केस अडकले होते. सेट खोक्यात गेला आणि खोकं माळ्यावर.

त्यामुळे आपण उलट्या बाजूने सुरुवात करू. म्हणजे जागेपासून.

मॉडेल रेल्वेत दोन मापं सगळ्यात जास्त चालतात. एक एचओ. यात प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या ८७ पट लहान असते आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. दुसरं एन. ते १६० पट लहान आणि रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर. एन नावाचा उगमही या नऊमध्येच आहे. ब्रिटनमध्ये डबल-ओ नावाचं तिसरं माप चालतं. त्यात गाडी ७६ पट लहान, पण रूळ एचओचेच.

आता हिशोब करा. आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण २१ मीटरचा. एचओमध्ये तो जवळपास २५ सेंटिमीटरचा होतो. पाच डबे आणि एक इंजिन लावलं की गाडी झाली दीड मीटरच्या आसपास. तेवढाच लांब फलाट हवा, फलाटाच्या दोन्ही बाजूंना सांधे हवेत आणि त्यानंतर वळण. वन बीएचकेमध्ये कुठे बसवणार?

खरी जागा खातं ते वळणच. एचओमध्ये १८ इंच त्रिज्येचं वळण घट्टच मानलं जातं. पूर्ण गोल फिरवायचा तर रुंदी झाली ३६ इंच, त्यात दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा. म्हणजे ४ फुटांचा बोर्ड आला. म्हणूनच ८ बाय ४ ची अख्खी प्लायची शीट आणून त्यावर गोल मांडायचा, हा जगभरातल्या नवशिक्यांचा ठरलेला मार्ग आहे. पण आपला हात आरामात पोचतो अडीच फुटांपर्यंत. हा बोर्ड भिंतीला चिकटवला आणि पलीकडच्या कोपऱ्यात डबा घसरला, तर स्टूल घेऊन लटकावं लागतं. तो चारही बाजूंनी मोकळा ठेवायचा तर खोली त्याचीच होते. एनमध्ये पावणेदहा इंचाच्या त्रिज्येत काम भागतं आणि २ बाय ४ फुटांच्या बोर्डावर गोल बसतो. गाडी फिरतानाच बघायची असेल तर छोट्या घरासाठी एन घ्या, विषय संपला.

पण गाडी फिरायलाच हवी का? गोल फिरणारी गाडी पाहून पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. त्यापेक्षा गाडीला काम द्या.

ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश मॉडेलरने यावर एक भन्नाट उत्तर काढलं, इंगलनुक सायडिंग्ज. यात गोल नाहीच. फक्त दोन सांधे आणि तीन फाटे. एका फाट्यावर ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांवर ३-३. इंजिन ज्या रुळावर मागे-पुढे करतं, तिथे इंजिनासोबत फक्त ३ वाघिणी मावतात. वाघिणी एकूण ८. आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यातल्या पाच काढायच्या आणि त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण असे क्रम तब्बल ६,७२० होतात. जागा कमी ठेवलीय तीच तर यातली गंमत आहे. छोट्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर एचओमध्ये हे साडेचार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर बसतं. म्हणजे पुस्तकांच्या शेल्फवर! एनमध्ये तर साधारण त्याच्या निम्म्यात.

माझं ऐकाल तर पहिला लेआउट हाच करा.

आपल्याकडची गाडी हवी असेल तर एक भानगड आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागलं तर रुळांतलं अंतर १९ मिलिमीटरच्या वर येतं. तयार एचओ रूळ मात्र १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आलेत. बहुतेक जण हा फरक सोडून देतात. याउलट १९०७ ची आपली नेरळ-माथेरान लाइन मॉडेलसाठी सोयीची पडते. ती २ फुटी गेजची आहे. ब्रिटिश ७६ पटीच्या मापात हिशोबाने अंतर येतं ८ मिलिमीटर आणि एनचे रूळ आहेत ९ चे. म्हणजे एनचे रूळ आणि एनच्या इंजिनाचा सांगाडा वापरून वर माथेरानच्या मापाची गाडी उभी करता येते. वळणं घट्ट असली तरी विचित्र दिसत नाहीत, खरी लाइनही तशीच आहे.

तिचा चढ मात्र उचलू नका. माथेरानला चढ २० ला १ पर्यंत आहे. मॉडेलमध्ये ३ टक्क्यांच्या वर गेलात की इंजिन जागीच चाकं फिरवत बसतं. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. ३ टक्क्यांनी तेवढं चढायला अडीच मीटर हवेत आणि उतरायला पुन्हा अडीच. तेव्हा छोट्या बोर्डावरचा उड्डाणपूल विसरा.

नकाशा खऱ्या मापातच काढा. वर्तमानपत्रं चिकटवून बोर्डाएवढा कागद करा, त्यावर सांधे ठेवून बघा. हातानं काढलेल्या स्केचमध्ये सांधा नेहमी खऱ्यापेक्षा लहान निघतो आणि तिथेच सगळे फसतात.

रूळ जोडल्यावर जोडावरून बोट फिरवा. टोचलं की तिथे डबा घसरणार, हे नक्की. मग सगळ्यात लांब डबा इंजिनाने मागे ढकलून बघा. ओढताना न दिसणारे दोष ढकलताना लगेच कळतात. हे होईपर्यंत खडी पसरू नका, गोंद सुकल्यावर रूळ निघत नाही.

विजेचं प्रकरण वाटतं तितकं अवघड नाही. एका रुळातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून परत येतो. साध्या डीसी पद्धतीत १२ व्होल्टपर्यंत वीज मिळते आणि ती कमी-जास्त केली की वेग बदलतो. डीसीसी पद्धतीत प्रत्येक इंजिनात छोटी चिप असते आणि एकाच रुळावरची दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. शेल्फवर एकच इंजिन असेल तर त्यावर खर्च करू नका. दर मीटरभर अंतरावर खालून वायर मात्र जोडा, नुसत्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नका. आणि गाडी फुग्यासारखा वळसा घेऊन त्याच रुळावर उलटी परत येते, असा नकाशा सुरुवातीला नकोच. तिथे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं.

सजावटीला महागडं सामान लागत नाही. क्रशरची बारीक कच चाळून घेतली की खडी तयार. त्यावर फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे गोंद दगडांत नीट उतरतो. वापरलेली चहा पावडर माती म्हणून छान दिसते, पण उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर आठवड्यात तुमच्या स्टेशनवर बुरशी उगवेल. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कापून झुडपं होतात.

शेवटचं म्हणजे पावसाळा. दमट हवेत प्लाय फुगतो आणि सरळ लावलेला रूळ वाकडा होतो. रूळ लावण्याआधीच प्लायला खालून, वरून आणि कडांना रंग मारून घ्या. गाडी अडखळायला लागली तर इंजिन उघडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रूळ पुसून बघा. बहुतेक वेळा दोष धुळीचाच असतो. आणि लेआउट वापरात नसेल तेव्हा त्यावर जुनी चादर टाकायला विसरू नका.