भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या तालुक्यांत पावसाळी भात खाचरात पिकते. तरव्याची लावण होऊन पाणी निवळले की चिखलावर निळसर हिरवा बुळबुळीत थर धरतो. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. नोस्टॉक, ॲनाबिना यांच्या साखळीतील काही जाड भिंतीच्या पेशी हवेतील नत्र बांधतात आणि शेवाळ कुजल्यावर ते भाताच्या मुळांना मिळते. काटेकोर अर्थाने हे सहजीवन नव्हे. सायकसच्या मुळांत हे जिवाणू खरोखर वस्ती करून राहतात. भाताशी त्यांचे नाते शेजारधर्माचे.

खताशिवाय खाचर वर्षानुवर्षे पीक कसे देते, याचे उत्तर या थरात आहे, हे पी. के. डे यांनी बंगालमधील भातजमिनींवर काम करून 1939 मध्ये दाखवले. मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात 1949 मध्ये एला गोन्साल्विस आणि गांगला यांनी भातजमिनींतील शेवाळांची निरीक्षणे मांडली. एन. डी. कामत यांचा कोल्हापूरच्या शेवाळांवरील प्रबंध 1963 मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’त आला. तो शंभराच्या आसपास पानांचा आहे. एका जिल्ह्याच्या गावाच्या वाट्याला अशी नोंद क्वचितच येते.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी या शेवाळाचे खत केले. उथळ खड्ड्यात माती, पाणी, थोडे सुपर फॉस्फेट आणि मूळ कल्चर घालायचे, तयार झालेले पापुद्रे उन्हात वाळवायचे आणि लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी 10 किलो फेकायचे. त्यातून हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र मिळते, असा अंदाज होता. कृती सोपी, जवळजवळ फुकटची. तरीही ती रुजली नाही. युरिया हाताशी होता, आणि पाण्यात नत्र मुबलक असले की शेवाळ स्वतः नत्र बांधायचे थांबवते. शिवाय त्याला ऊन लागते. घाटाकडच्या आषाढात ऊन दुर्मीळ, आणि बांधावरून वाहणारे पाणी पसरलेले शेवाळ घेऊन जाते.

खरे सहजीवन भातशेतीत आणले ते अझोलाने. या पाणनेच्याच्या पानांतील पोकळ्यांत ॲनाबिना राहते. व्हिएतनाम आणि चीनमध्ये तो शेकडो वर्षे खाचरात सोडला जात असे. महाराष्ट्रात मात्र अझोला आज भातापेक्षा दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठीच अधिक वाढवला जातो.