अंधाऱ्या वर्गातील क्षय

'राजयक्ष्मा' या प्राचीन नावातच क्षयरोगाची जुनी जरब साठविलेली आहे. एका घरात एकास क्षय झाला की पुढे त्याच्या भावंडांस व मुलांसही तो गाठतो, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा. आणि त्यावरून हा रोग रक्तातूनच उतरतो अशी समजूत अनेक देशांत रूढ झाली होती. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला, तेव्हा त्या समजुतीचा पाया ढासळला. रोग वंशातून येत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, हे ठरले. परंतु कोणाकडून कोणाकडे, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर शोधण्याचे साधन १९०७ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिले. कॉख यांनी क्षयावर औषध म्हणून पुढे आणलेले ट्युबरक्युलिन त्या कामी निष्फळ ठरले होते. पिर्के यांनी तेच त्वचेवर किंचित ओरखडा काढून लावले. शरीरात जंतूचा प्रवेश झालेला असेल तर ती जागा लाल होऊन फुगे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कित्येक मुलांच्या हातावर ही खूण उमटली. संसर्ग होणे निराळे आणि रोग जडणे निराळे, हा महत्त्वाचा भेद त्यामुळे ध्यानात आला.

या भेदाची अत्यंत करुण, परंतु तितकीच बोधप्रद साक्ष डेन्मार्कमधील मुलींच्या एका सरकारी शाळेत १९४३ मध्ये मिळाली. तो देश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. हवाई हल्ल्याच्या भीतीने तळघरातील खोल्या झाकून घेतलेल्या; वारा नाही, उजेड नाही. अशा खोलीत शिकविणाऱ्या एका व्यक्तीस क्षय झालेला होता, आणि त्याची कल्पना कोणासही नव्हती. जीव रक्षण्यासाठी केलेला आडोसाच जंतूंस सोयीचा झाला.

शाळेत ३६८ मुली होत्या. त्यांची ट्युबरक्युलिन परीक्षा आधीच झालेली असल्यामुळे डॉक्टर हिगे यांस चौकशीचा धागा सापडला. संसर्गाच्या कक्षेत आलेल्या ३०५ मुलींचे तीन गट पडत होते. १०५ मुलींस पूर्वीच नैसर्गिक संसर्ग होऊन गेला होता. १०६ मुलींस बी.सी.जी. लस टोचलेली होती. आणि ९४ मुली क्षयजंतूस सर्वस्वी अपरिचित होत्या. या ९४ पैकी ७० जणींस संसर्ग झाला व ४१ जणींत रोगाची चिन्हे आढळली. लस टोचलेल्या १०६ मुलींपैकी मात्र दोघींसच रोग जडला. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही या पुराव्यातील उणीव खरी. तथापि शाळा एक, हवा एक, आणि परिणामांत एवढी तफावत, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. १९५६ मध्ये बारा वर्षांच्या निरीक्षणाचे फलित प्रसिद्ध झाले, तेव्हाही लसीचे पारडे जडच राहिले.

भारताचा या कथेशी संबंध येतो तो लसीच्या द्वारे. १९४८ मध्ये मदनपल्ली येथे बी.सी.जी. टोचण्यास आरंभ झाला. तेथील क्षय-आरोग्यधामाचे पहिले अधीक्षक क्रिस्चन फ्रिमॉट-म्युलर हे डॅनिशच होते. परंतु १९६८ मध्ये मद्रासजवळील चिंगलपट भागात सुरू झालेल्या विस्तृत चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर या लसीचा प्रभाव दिसून आला नाही. लहान बालकांस मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती रक्षण देते, म्हणून तिचे स्थान टिकून आहे. डेन्मार्कमध्ये जे घडले ते सर्वत्र घडेलच असे नाही, हा धडा भारतानेच जगास दिला.

मात्र त्या तळघराने शिकविलेली दुसरी गोष्ट अबाधित आहे. लहान मूल सहसा क्षय पसरवीत नाही. ते तो मोठ्यांकडून घेते. मुलाच्या हातावर उमटलेली खूण त्याच्या दोषाची नसून, त्याच्या सहवासातील एखाद्या खोकणाऱ्या प्रौढाची वर्दी असते. तो प्रौढ पुष्कळदा मुलावर माया करणारा आणि आपल्या रोगाविषयी अजाण असा असतो. म्हणून मुलास वर्गाबाहेर बसविल्याने काही साधत नाही. त्या प्रौढास शोधून त्याच्यावर उपचार करणे आणि वर्गाच्या खिडक्या उघडणे, यातच मुलांचे खरे रक्षण आहे.