मिनीच्या मोज्यातले एक्के

नको असलेला नवरा टाळायचा तर आपल्या रंगभूमीवरच्या मुलींना बहुधा दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागते. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) म्हाताऱ्या भुजंगनाथाचा बेत उधळायला कोदंड धावून येतो. पुढे सहाच वर्षांनी, १९०५ साली, डेव्हिड बेलास्को या अमेरिकन नाटककाराने रंगभूमीवर आणलेली मिनी मात्र कुणासाठी थांबत नाही. ती सरळ पत्ते पिसायला घेते!

स्थळ कॅलिफोर्नियातले, सोन्याच्या शोधात आलेल्यांचे गाव. तिथला ‘पोल्का’ नावाचा गुत्ता मिनीच्या मालकीचा. गावचा शेरीफ, म्हणजे आपला कोतवालच म्हणा, जॅक रॅन्स हा तिच्यामागे हात धुऊन लागलेला, आणि तोही घरी बायको असताना. याच नाटकावर पुचिनीने संगीतिका रचली. ती १९१० साली न्यूयॉर्कला प्रथम रंगभूमीवर आली. तीत तो अंगचटीला येऊ लागताच मिनी पिस्तूल दाखवते. पण खरी मौज पुढेच. बर्फाच्या रात्री तिचा जखमी प्रियकर माळ्यावर लपलेला, खाली शेरीफ उभा, आणि वरून रक्ताचा थेंब नेमका त्याच्या हातावर पडतो. लपवाछपवी संपली. तेव्हा मिनी पत्त्यांची पैज मांडते : तू जिंकलास तर तो तुझा आणि मीही तुझी, मी जिंकले तर तो माझा. एक डाव त्याचा, एक हिचा. तिसऱ्याला त्याच्या हाती तीन राजे! मिनी घेरी आल्याचे सोंग करते, तो बिचारा पेय आणायला वळतो, आणि ही मोज्यात दडवलेले पत्ते काढते. तीन एक्के आणि वर एक जोडी. रॅन्स मुकाट्याने निघून जातो. दिवाळीत पत्ते कुटणाऱ्यांना या लबाडीचा राग येईल. मला येत नाही.

आता नाटकामागचा इतिहास. २४ जानेवारी १८४८ रोजी सटरच्या लाकूडगिरणीपाशी सोने सापडले आणि पुरुषांची झुंबड उडाली. १८५० च्या शिरगणतीत शंभर माणसांत दहासुद्धा बायका नव्हत्या. मागणी घालणारे उदंड! त्यांना परतवायला पिस्तुलापेक्षा चूल अधिक कामी आली असावी, असे मला वाटते. करंजीसारखे सारण भरून भाजलेले ‘पाय’ नावाचे पक्वान्न विकून एकीने अठरा हजार डॉलरची उलाढाल केल्याचे तिच्याच पत्रात नमूद आहे. जिची गल्ल्याची पेटी स्वतःची, तिला नाही म्हणण्याची धास्ती कशाला?

ही मुभा सगळ्यांना नव्हती. तिथल्या मूळच्या आदिवासींची मुले-मुली गोऱ्यांच्या घरी कामाला बांधून घेण्याची सोय १८५० च्या कायद्यानेच करून ठेवली होती. त्या मुलींच्या मोज्यांत कुठले एक्के असणार?

गोऱ्या बायकांना मात्र १८४९ च्या राज्यघटनेने एक पान हाती दिले. लग्नाआधीची आणि वारशाने आलेली मालमत्ता बायकोचीच राहील, असे कलम मंजूर झाले. म्हणजे नुसत्या पैशावर डोळा ठेवून येणाऱ्या वराची पंचाईतच. गंमत अशी, की या कलमाची बाजू मांडणाऱ्यांत हेन्री हॅलेक नावाचे एक ब्रह्मचारी सभासद होते, आणि त्यांचा युक्तिवाद असा, की अशाने सधन वधू आपल्याकडे येतील. तेव्हा सभागृहातल्या समस्त ब्रह्मचाऱ्यांनी मत द्यावे! हॅलेकसाहेबांचे लग्न १८५५ साली झाले. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या नातीशी.