दूध का आटतं?

"दूध पुरत नाही हो!" बाळंतिणीच्या खोलीतून हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की ते अनादिकाळापासून असंच चालत आलं असावं असं वाटतं. आजारपणामुळे किंवा शरीराच्या खऱ्या अडचणीमुळे दूध कमी असलेल्या बायका तेव्हाही होत्या, आजही आहेत. पण त्या थोड्या. इतिहास चाळला तर दिसतं की एखाद्या काळात, एखाद्या शहरात, एका विशिष्ट थरातल्या बायकांचं दूध एकदमच आटू लागलं. बाईचं शरीर काही वीस-पंचवीस वर्षांत बदलत नाही. मग दुसरंच काहीतरी बदललेलं असणार.

आधी शरीराचा हिशेब पाहू. तो विहिरीसारखा आहे. उपसा असेल तर झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की ते बुजतात. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने पान्हा फुटतो. छातीत दूध साचून राहिलं की त्या बाजूची निर्मिती मंदावते. आणि प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणजे रात्रीचं पाजणं हे दुसऱ्या दिवसाच्या दुधाची बेगमी असते.

आता बघा, नेमकी हीच रात्र कोणी काढून घेतली! १८९४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. एमेट होल्ट यांचं बालसंगोपनावरचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक निघालं. त्यात बाळाला घड्याळ लावून पाजायची शिस्त होती. पुढे न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली डुनेडिन इथे प्लंकेट सोसायटी काढली. हे गृहस्थ मुळात वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक. इस्पितळाची शेती होती, तिथल्या वासरांच्या खाण्याचाही त्यांनी अभ्यास केला होता. गंमत अशी की ते आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते. पण नियम काय, तर दर चार तासांनी पाजा, रात्री मुळीच नको, रडलं तर रडू द्या. हे लोण ब्रिटिश साम्राज्यात दूरवर पोचलं. त्यातच मोठ्या इस्पितळांतून बाळांना आईपासून वेगळ्या खोलीत ठेवू लागले. आई इकडे, बाळ तिकडे, मध्ये परिचारिका आणि घड्याळ. दूध आटलं, आणि आटलं की दोष बाईचा, "तुला दूधच नाही"! (जन्मभर तासाच्या घंटेवर जगलेल्या माझ्यासारखीला वेळापत्रक प्रिय आहे, पण शाळेतली मुलं निदान सहा वर्षांची तरी असतात.)

शेवटी अमेरिकेतल्या सात आयांनी १९५६ साली 'ला लेचे लीग' ही संस्था काढली, ती याचसाठी, की एका आईला दुसऱ्या आईने शिकवावं. आपल्याकडे हे काम आजी-मावशी न सांगता करत होत्या. तिकडे ती साखळीच तुटली होती.

१९४८ साली न्यूटन पतिपत्नींनी एका प्रयोगाचा अहवाल दिला. एका आईला पाजताना मुद्दाम त्रास दिला. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले, गणितं घातली. एरवी १६८ ग्रॅम दूध पिणाऱ्या बाळाला त्या वेळी ९९ ग्रॅमच मिळालं. तसाच त्रास देऊन ऑक्सिटोसिन टोचलं तेव्हा मात्र १५३. म्हणजे दूध होतं, पान्हा अडला होता. आपल्या सुश्रुतसंहितेत लिहून ठेवलंय की बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीने दूध वाहतं, आणि राग, शोक, अवात्सल्य यांनी ते नाहीसं होतं. ज्या घरात सासू रोज उठून "हिला मेलीला दूधच नाही" म्हणते, त्या घराने दोन्ही वाचावं.

पण म्हणून आपलं सगळं जुनं ते सोनं असंही नाही बरं का. पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, हे आपल्याही घरांत चालायचं. सुश्रुतसंहितासुद्धा दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं असं धरून सुरुवातीला मध-तूपच सांगते. उपसा ज्या दिवसांत सुरू व्हायला हवा तेच दिवस वाया जायचे.

मुंबईच्या गिरण्यांत तर घड्याळाऐवजी भोंगा आला. हिरकणी निदान कडा उतरून बाळाकडे गेली. गिरणीत कामाला असलेल्या बाईला बाळाकडे जाणं तितकं सोपं नव्हतं. घरी रडणाऱ्या तान्ह्याला बाळागोळी देत. त्या गोळीत अफू असे. चाळींतून हे सर्रास चाले, सरकारी अहवालांत नोंदी आहेत. गुंगीतलं मूल ओढत नाही, न ओढल्याने दूध आटतं, मग भुकेलं मूल आणखी रडतं आणि गोळी वाढते. बायका निर्दय होत्या म्हणून नाही, रोजी बुडेल म्हणून. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळाल्या. पाळणाघर जवळ नसेल तर त्या सुट्टीत पाजणार कोणाला, हा प्रश्न कित्येकींना राहिलाच.

डब्याच्या दुधाबद्दल थोडक्यात. नेस्ले यांनी १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये बालान्न काढलं, ते आईविना मुलांना वाचवायच्या हेतूने. पुढे त्याची जाहिरात सगळ्याच आयांसाठी झाली. वरचं दूध दिलं की उपसा घटतो, घटला की आणखी वरचं लागतं. आपल्याकडे अशा जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

आमच्या नात्यातली एक मुलगी नुकतीच बाळंत झाली आहे. अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शतावरी सगळं चालू आहे. चालू दे, बाळंतिणीला चांगलं खाऊपिऊ घालणारा कुणीतरी आहे एवढंही पुष्कळ. पण लाडू उपशाच्या जागी चालत नाहीत, तेव्हा तिला मी एवढंच कळवलंय: बाळाला कुशीत ठेव, मागेल तेव्हा पाज, रात्रीही. पहिले काही दिवस सोडले तर दिवसातून सहाएक वेळा लंगोट भिजत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय असं समज, वजन वाढत नसेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. कामावर रुजू झालीस की दर तीन तासांनी हाताने दूध काढ. आणि तिच्या सासूबाईंना वेगळं पत्र लिहिलंय.