वाया जाणाऱ्या वायूची वीज

खनिज तेल विहिरीतून वर येते, तेव्हा त्यात विरघळलेला नैसर्गिक वायूही बाहेर पडतो. त्याला सहयोगी वायू म्हणतात. वाहिनी टाकणे परवडत नसेल किंवा जवळपास ग्राहक नसेल, तर हा वायू उंच नळीच्या तोंडाशी पेटवून दिला जातो. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे १५१ अब्ज घनमीटर वायू असा जळून गेला. याच वायूवर तेलक्षेत्रालगत वीज निर्माण करणे, हा त्यावरील एक मार्ग आहे.

वायूपासून विजेपर्यंत

विहिरीतून आलेला वायू थेट यंत्रात सोडता येत नाही. प्रथम तेल व पाणी वेगळे काढावे लागते. हायड्रोजन सल्फाइडसारखे घातक घटक असल्यास तेही काढले जातात. नंतर वायूचा दाब वाढवून तो गॅस इंजिनास किंवा टर्बाइनला पुरवला जातो. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूवर वाफ तयार करून दुसरे टर्बाइन फिरवले, तर त्यास संयुक्त चक्र म्हणतात. या पद्धतीत दररोज १० लाख घनमीटर वायूवर साधारण २०० मेगावॉटचे केंद्र चालू शकते.

ओकपाईचे उदाहरण

नायजेरियातील डेल्टा राज्यातील ओकपाई येथील ४८० मेगावॉटचा प्रकल्प या प्रकारातील ठळक उदाहरण होय. क्वाले येथील तेल-वायू प्रक्रिया केंद्रातून त्यास वायू मिळतो. इटलीच्या एनी समूहातील अजिप, अमेरिकेची कोनोकोफिलिप्स आणि नायजेरियाची सरकारी तेल कंपनी यांच्या भागीदारीत उभा राहिलेला हा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. २००६ मध्ये क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत त्याची नोंद झाली. त्यामुळे वर्षाला सुमारे १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड टळेल, असा अंदाज होता. पुढे २०१४ मध्ये कोनोकोफिलिप्सचा आणि २०२४ मध्ये अजिपचा वाटा नायजेरियाच्या ओआंडो कंपनीकडे गेला.

करारांची साखळी

अशा केंद्राच्या उभारणीत यंत्रसामग्रीइतकेच करार निर्णायक ठरतात. तेल कंपनीशी वायू पुरवठ्याचा, वीज मंडळाशी खरेदीचा आणि पारेषण वाहिनीचा, असे तीन करार जुळल्याखेरीज बँका कर्ज देत नाहीत. मुख्य जोखीम वायूचीच असते. तेलाचे उत्पादन कमी-जास्त झाले की वायूही कमी-जास्त होतो, आणि क्षेत्र जुने झाले की तो आटत जातो. उलट केंद्राचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे धरलेले असते. त्यामुळे लहान क्षेत्रांत एकाच मोठ्या टर्बाइनऐवजी हलवता येतील असे अनेक छोटे संच बसवणे सोयीचे ठरते. ग्राहक संस्थेने बिले थकवल्यास सारेच गणित कोलमडते.

कायदा आणि गावे

नायजेरियाने १९७९ मध्येच कायदा करून १९८४ पासून विनापरवाना वायू जाळण्यास मनाई केली होती. परंतु ज्वाळा विझल्या नाहीत. नोव्हेंबर २००५ मध्ये बेनिन सिटी येथील संघीय उच्च न्यायालयाने इवेरेकन गावाच्या दाव्यात, वायू जाळणे हा नागरिकांच्या जगण्याच्या व प्रतिष्ठेच्या हक्काचा भंग असल्याचा निर्वाळा दिला. यातूनच टीकाकारांनी प्रश्न उपस्थित केला, की जे कायद्याने बंदच व्हायला हवे, ते थांबवल्याबद्दल कंपन्यांनी कार्बन श्रेयांक का मिळवावेत? दुसरी तक्रार स्थानिकांची. ओकपाईची वीज उच्चदाब वाहिनीने ओनित्शाकडे जाते. परिसरातील न्डोक्वा भागातील गावांना मात्र तीच वीज आपल्याकडे उतरवून मिळावी, यासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागली.

उरणचा अनुभव

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. मुंबई हाय क्षेत्रातून १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि तेथील वायूच्या भरवशावर उरणचे सरकारी वायू विद्युत केंद्र १९८२ पासून उभे राहिले. त्याची क्षमता ६७२ मेगावॉट असली, तरी पुरेशा वायूअभावी ती पूर्ण वापरता आलेली नाही. प्रकल्प खासगी असो वा सरकारी, क्षमतेचा आकडा ठरवण्यापूर्वी वायू किती वर्षे पुरेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.